चरातली धूळ

गेल्या वैशाखात आमच्या परभणीच्या गल्लीत नळाची गळती शोधण्यासाठी चर खणला, तेव्हा तळाशी लागलेला करडा पाइप पाहून मुकादम ‘जुना सिमेंटचा आहे, कापा’ एवढेच बोलला. आणि कापणाऱ्याने तोंडाला रुमाल बांधून विजेचा कटर असा काही लावला, की क्षणार्धात त्याच्या भुवया, पापण्या आणि चराकाठचा कडुलिंब पांढरट पिठाने माखून गेला.

अशा पाइपात सिमेंटच्या जोडीला साधारण १० ते १५ टक्के ॲस्बेस्टॉस असते. हे तंतुमय खनिज सिमेंटमध्ये बद्ध असेतोवर निरुपद्रवी म्हणावे लागेल. पाण्यावाटे पोटात जाणाऱ्या तंतूंनी अपाय होतो असा सुसंगत पुरावा जागतिक आरोग्य संघटनेलाही आढळलेला नाही. अनर्थ होतो तो कोरड्या कापणीने. फुप्फुसातील भक्षकपेशी श्वासावाटे आलेल्या तंतूला गिळू पाहते, परंतु तो तिच्याहून लांब असल्याने अर्धवटच गिळला जातो, आणि या निष्फळ झटापटीत तिच्यातून पाझरणारी दाहक द्रव्ये वर्षानुवर्षे भोवतालच्या ऊतींना जाळीत राहतात. रोग प्रकट होतो तो बहुधा २० ते ४० वर्षांनी, म्हणजे मुकादम, ठेकेदार आणि हजेरीपट सारेच विस्मरणात गेल्यावर.

हा दीर्घ विलंब ओळखूनच सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी असा हुकूम फर्मावला, की ॲस्बेस्टॉसच्या कारखानदारांनी प्रत्येक कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या आरंभापासून ४० वर्षे अथवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर दप्तरी जपावी. कारखान्यातल्या कामगाराची अशी तजवीज झाली. चरात उतरणाऱ्या रोजंदाराचे दप्तर कोण राखणार? अमेरिकेत दुरुस्तीत निघणारा पाइप ८० मीटरांच्या आत असेल तर आगाऊ वर्दी द्यावी लागत नाही, आणि पाणीपुरवठ्याच्या फुटकळ कामांना ही सवलत फळते. पण ती निदान कायद्यात लिहिलेली आहे, तिच्यावर वाद घालता येतो. आमच्या गल्लीतली सवलत कोणी मंजूर केल्याचे मला तरी ठाऊक नाही.

उपाय म्हणाल तर अगदी साधा: पाइप भिजवून, हातकरवतीने, सावकाश कापावा. न राहवून मी चराकाठी जाऊन म्हणालो, ‘निदान बादलीभर पाणी ओतून तरी कापा.’

मुकादमाने घाम पुसला. ‘अहो काका,’ तो म्हणाला, ‘नळाला पाणी असतं तर खणलं कशाला असतं?’