पिछाडीचा गडी कसा तयार होतो?



मेलबर्न आणि अॅडलेड हीं नांवें कानांवर पडलीं कीं आपल्यापैकीं बहुतेकांना क्रिकेट आठवतें. १९४८ च्या जानेवारींत अॅडलेडच्या मैदानावर विजय हजारे यांनीं एकाच कसोटी सामन्यांत दोन शतकें काढलीं, ही गोष्ट आपल्याकडील रसिकांस सांगावयास नको. परंतु तिकडील उन्हाळा संपला म्हणजे ह्याच मैदानांवरील यष्ट्या निघतात, दोन्ही टोकांस चार चार उंच खांब उभे राहतात, आणि क्रिकेटच्या चेंडूची जागा एक लांबट चेंडू घेतो. हा ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल. क्रिकेटशीं त्याचें नातें जुनें आहे. १८५८ सालीं टॉम विल्स ह्या क्रिकेटपटूनें वर्तमानपत्रास पत्र लिहून अशी सूचना केली होती, कीं हिंवाळ्यांत क्रिकेट खेळणाऱ्यांचीं अंगें सुस्त पडूं नयेत म्हणून फुटबॉलचा एखादा क्लब काढावा. पुढील वर्षीं मेलबर्न येथें ह्या खेळाचे पहिले नियम लिहिले गेले.

ह्या खेळांत पिछाडी सांभाळणारा तरुण गडी वरिष्ठ संघांत कसा पोंचतो, आणि त्याला तेथवर पोंचण्यास इतरांहून बहुधा अधिक काळ कां लागतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम खेळाची थोडी ओळख करून घेऊं. प्रत्येक बाजूस अठरा गडी असतात. मैदान लंबवर्तुळाकार असून त्याची लांबी १३५ ते १८५ मीटर व रुंदी ११० ते १५५ मीटर असते. मधल्या दोन उंच खांबांतून लाथेनें चेंडू पार केला तर सहा गुण, आणि तो बाजूच्या खांबांमधून गेला तर एक गुण. चेंडू हातांत घेऊन धांवण्यास मुभा आहे, मात्र थोड्या थोड्या अंतरानें तो जमिनीवर आपटावा किंवा टेकवावा लागतो. सोबत्याकडे तो फेंकतां येत नाहीं. एका तळहातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनें टोलवावा लागतो. आतां सर्वांत महत्त्वाचा नियम. लाथेनें उडविलेला चेंडू निदान पंधरा मीटर गेल्यावर कोणीं अधांतरीं झेलला, तर त्या गड्यास त्रास देण्याचा अधिकार कोणासही राहत नाहीं. तो थांबतो, श्वास घेतो, नेम धरतो आणि स्वस्थ चित्तानें लाथ मारतो. अर्थात् सगळा खेळ ह्या झेलाभोंवतीं फिरतो. आघाडीच्या गड्याचें काम झेल घेणें, आणि पिछाडीच्या गड्याचें काम तो घेऊं न देणें.

पिछाडीला सहा जणांची फळी असते. त्यांतील प्रत्येकाकडे साधारणतः प्रतिपक्षाचा एकेक गडी सोंपविलेला असतो. ह्या दोघांची परिस्थिति सारखी नसते. आघाडीच्या गड्यास आपण कोणत्या बाजूस धांवणार हें ठाऊक असतें. पिछाडीच्या गड्यास तें ओळखावें लागतें. आघाडीचा गडी नऊ वेळां चुकून दहाव्या वेळीं गोल करील तर प्रेक्षक टाळ्या वाजवितात. पिछाडीचा गडी नऊ वेळां यशस्वी होऊन दहाव्या वेळीं चुकला, तर फलकावर त्याची ती एक चूकच लिहिली जाते. असल्या असमान झुंजीसाठीं अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलास तयार करावयाचें असतें.

त्याचे पहिले धडे शरीराचे असतात. प्रतिस्पर्धी आणि गोल ह्यांच्या मध्यें आपलें अंग कसें ठेवावें. पाठीमागून ढकललें तर दंड होतो, तेव्हां हात न लावतां खांद्यानें व मांडीनें त्याला जागेवरून कसें हलवावें. हे धडे आपल्या तालमींतील वस्ताद जसे घोटून घेतात तसेच तेथील शिक्षक घोटून घेतात. दुसरा धडा मुठीचा. चेंडू दोघांच्या डोक्यावर आला असतां तो झेलण्याचा मोह आवरून मागून हात लांबवावयाचा आणि ठोसा मारून तो दूर उडवावयाचा. हें दिसावयास ओबडधोबड वाटतें. पण मोह आवरणें हेंच त्यांतील शिक्षण होय. हे दोन्ही धडे मेहनती मुलगा दोन-तीन हंगामांत शिकतो.

तिसरा धडा मात्र मैदानाबाहेर शिकवितां येत नाहीं. आपल्या आट्यापाट्यांच्या खेळांत प्रत्येक गडी आपापली पाटी धरून असतो. ती सोडून त्याला जातां येत नाहीं. ह्या फुटबॉलमध्यें तसें नाहीं. शेजारच्या सोबत्यावर उंच चेंडू येत असतां आपला माणूस सोडून तिकडे धांवावें काय? धांवलों आणि चेंडू हातीं आला तर शत्रूचा हल्ला तेथेंच मोडून आपला हल्ला सुरू होतो. धांवलों आणि चेंडू हुकला, तर मागें सोडलेला माणूस एकटा राहतो आणि सहा गुण गेलेच म्हणून समजावें. निर्णयास एक-दीड सेकंदाचा अवधि असतो. लाथ मारणाऱ्याचे खांदे कोणीकडे वळले आहेत, त्याच्यावर दडपण किती आहे, वारा कसा आहे, आणि आपण निघालों तर आपली जागा भरून काढणारा सोबती सावध आहे कीं नाहीं, हें सारें त्या क्षणांत वाचावें लागतें. चांगल्या पिछाडीच्या गड्यांत आणि थोर पिछाडीच्या गड्यांत जो फरक असतो तो हाच; आणि हें शहाणपण सामन्यांत चुका केल्यावांचून येत नाहीं. येथेंच खरी अडचण उभी राहते. चुका करण्यासाठीं सामना मिळाला पाहिजे, आणि सामना मिळविण्यासाठीं चुका न करणारा म्हणून नांव झालें पाहिजे.

वरिष्ठ संघाची पायरी कशी चढावी लागते तेंही पाहूं. १९९० पासून ज्या स्पर्धेस ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग म्हणतात, तींत क्लबांना मनास येईल तो तरुण उचलतां येत नाहीं. अठरा वर्षांखालील मुलांच्या स्पर्धांतून नजरेंत भरलेल्या खेळाडूंची दरवर्षीं वाटणी होते. ही पद्धति १९८६ सालीं सुरू झाली. साधारण नियम असा, कीं जो संघ मागील हंगामांत तळाला राहिला त्यास पहिली निवड. मुख्य यादी भरल्यावर कांहीं मुलें उमेदवार म्हणून घेतलीं जात. ही उमेदवारी आपल्या पेढीवरील उमेदवारीसारखीच असे: वेतन थोडें, मुदत अल्प, आणि मुख्य यादींत बढती मिळाल्यावांचून वरिष्ठ सामना नाहीं. तोंवर प्रांतिक किंवा राखीव संघांतून खेळावयाचें, आणि सामन्यापूर्वीं संघ जाहीर झाला म्हणजे आपलें नांव आहे काय तें पाहावयाचें. अनेकांचीं नांवें कधींच लागत नाहींत. विसावें-एकविसावें वर्ष उलटतें न उलटतें तोंच त्यांना दुसरा व्यवसाय शोधावा लागतो.

ह्या वाटेनें गेलेल्या एका खेळाडूची हकीकत येथें उपयोगी पडेल. जेरेमी मॅकगव्हर्न हा पश्चिम ऑस्ट्रेलियांतला. १९९२ सालचा जन्म. त्याचे वडील अँड्र्यू हेही ह्याच स्पर्धेंत सिडनी व फ्रीमँटल ह्या संघांतून खेळलेले. २०१० च्या अखेरीस पर्थ शहरांतील वेस्ट कोस्ट क्लबानें त्यास घेतलें, पण तें मुख्य वाटणींत नव्हे, तर उमेदवारांच्या वाटणींत, आणि तेथेंही चव्वेचाळिसाव्या क्रमांकावर. पुढील तीन हंगाम त्याला वरिष्ठ संघाचा एकही सामना मिळाला नाहीं. २०१३ च्या अखेरीस तो सुट्टीहून परत आला तेव्हां त्याच्या शरीराची तयारी इतकी असमाधानकारक आढळली, कीं क्लबानें त्यास मुख्य तुकडीच्या सरावापासून दूर केलें. एकवीस वर्षांचा मुलगा, तीन वर्षें फुकट गेलेलीं, आणि आतां दारही लागलेलें! येथें ही हकीकत संपावयास कांहींच हरकत नव्हती. बहुतेकांची अशीच संपते. परंतु त्यानें स्वतःचें शरीर ताळ्यावर आणलें, आणि २०१४ सालीं त्याला पहिला वरिष्ठ सामना मिळाला.

पुढें जें घडलें त्यांत दुसऱ्यांच्या दुर्दैवाचा वांटा आहे. २०१५ चा हंगाम सुरू होण्यापूर्वींच क्लबाच्या पिछाडीचा आधारस्तंभ एरिक मॅकेन्झी ह्याचा गुडघा निकामी झाला. आणि पहिल्याच सामन्यांत मिच ब्राउन ह्याचीही तीच गत झाली. एकास एक भिडतील असे मोठे गडी उरले नाहींत. तेव्हां प्रशिक्षक अॅडम सिम्पसन ह्यांच्या संघानें निराळी रचना पत्करली. प्रत्येकानें आपल्या माणसाच्या पाठीशीं धांवण्याऐवजीं सर्वांनीं मिळून मैदानाचा भाग राखावयाचा, आणि चेंडू जेथें पडेल तेथें जवळच्यानें सुटावयाचें. वृत्तपत्रांनीं ह्या रचनेस कोळ्याचें जाळें म्हटलें. असल्या जाळ्यांत आपला माणूस सोडून धांवण्याचें धैर्य आणि अक्कल असलेला गडी लागतो. आणि मॅकगव्हर्नच्या अंगीं नेमका तोच गुण होता. जुन्या पद्धतींत कदाचित् त्यास बेशिस्त ठरविलें गेलें असतें; नव्या पद्धतींत तोच जाळ्याचा मुख्य धागा बनला. त्या वर्षीं वेस्ट कोस्ट संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला, जरी तेथें हॉथॉर्नकडून त्याचा ४६ गुणांनीं पराभव झाला. २०१६ पासून लागोपाठ चार वर्षें सर्व ऑस्ट्रेलियांतील निवडक संघांत मॅकगव्हर्नचें नांव होतें.

ह्या शिक्षणाचें फळ २९ सप्टेंबर २०१८ रोजीं लाखभर प्रेक्षकांनीं मेलबर्नच्या मैदानावर पाहिलें. कॉलिंगवुडविरुद्ध अंतिम सामना. शेवटचीं कांहीं मिनिटें. वेस्ट कोस्ट मागें. आठवड्यापूर्वींच्या सामन्यांत बरगड्यांना झालेली दुखापत घेऊन मॅकगव्हर्न खेळत होता. शत्रूचा चेंडू आपल्या गोलाकडे येतो आहे हें पाहून तो सुटला, आणि त्यानें तो ठोसला नाहीं, झेलला. तेथून व्हार्डी, व्हार्डीकडून रायन, रायनकडून शीड, असे तीन झेल झाले, आणि सीमारेषेलगतच्या अवघड कोनांतून डॉम शीड ह्यानें गोल केला. वेस्ट कोस्ट ७९, कॉलिंगवुड ७४. गोल शीडचा, आणि तो कीर्तीस पात्रच होता. पण त्या सांखळीची पहिली कडी पिछाडीला जुळली होती, आणि ती जुळविणारा गडी पांच वर्षांपूर्वीं सरावांतून बाजूस काढलेला होता.

तर मग प्रत्येक तरुणास अशीच दीर्घ उमेदवारी करावयास लावावी काय? तसा नियम करतां येत नाहीं. १९९३ सालीं एसेंडन संघाचे प्रशिक्षक केव्हिन शीडी ह्यांनीं डस्टिन फ्लेचर ह्या शाळकरी मुलास वरिष्ठ संघांत घेऊन देशांतील नांवाजलेल्या गोलवीरांसमोर उभें केलें. त्या वर्षीं अंतिम सामन्यांत कार्लटनचा कर्णधार स्टीफन कर्नहन ह्यानें सात गोल केले, तरी सामना एसेंडननेंच ४४ गुणांनीं जिंकला. मुलगा चुकतो म्हणून प्रशिक्षकानें त्याला बाहेर बसविलें नाहीं, आणि तो २०१५ पर्यंत ४०० सामने खेळला. उलट टोकाचें उदाहरण टॉम स्टुअर्टचें. जीलाँग गांवच्या स्थानिक स्पर्धेंत साउथ बारवन संघाकडून खेळलेला हा गडी २०१६ च्या वाटणींत चाळिसाव्या क्रमांकावर निवडला गेला, तेव्हां त्याचें वय तेवीस होतें. २०१८ सालीं, म्हणजे दुसऱ्याच हंगामांत, तो सर्व ऑस्ट्रेलियाच्या निवडक संघांत होता. वाटा तीन, पण तिघांतही एक गोष्ट समान दिसते. चुका करण्यास जागा कोठें तरी मिळाली: एकास प्रांतिक मैदानावर, दुसऱ्यास ऐन अंतिम सामन्यांत, तिसऱ्यास गांवच्या स्पर्धेंत. चुका कोणत्या वयांत झाल्या ह्याला फारसें महत्त्व नाहीं. त्या पाहून कोणी दार कायमचें लावून घेतलें नाहीं, ह्याला आहे.

ह्या शौर्याची किंमतही सांगितली पाहिजे. उलट दिशेनें धांवत येणाऱ्या अंगांमध्यें उडी घेणें हें ज्याचें नित्यकर्म, त्याच्या डोक्यास आघात चुकत नाहींत. वैद्यांच्या सल्ल्यावरून २०२५ सालीं मॅकगव्हर्नला खेळ सोडावा लागला, तो अशाच आघातांमुळें. म्हणून आतां ह्या स्पर्धेंत डोक्यास मार बसलेल्या खेळाडूस ठराविक दिवस सक्तीनें विश्रांति दिली जाते. तरुणांस आपला माणूस सोडून धांवावयास शिकविणाऱ्या शिक्षकांनीं हेंही शिकविणें प्राप्त आहे, कीं घेरी आली असतां मैदान सोडणें ह्यांत भित्रेपणा नाहीं.

असो. असा सामना पडद्यावर पाहण्याचा योग आला, तर एक प्रयोग करून पाहावा. चेंडूकडे न पाहतां कांहीं वेळ पिछाडीच्या एकाच गड्याकडे पाहावें. तो बहुतेक वेळ नुसता चालत असतो, सोबत्यांना हांका मारीत असतो, दोन पावलें मागें सरतो, एक पाऊल पुढें येतो. आणि एकाएकीं तो आपला माणूस सोडून सुटेल. तो चेंडूपर्यंत पोंचो वा न पोंचो, त्या पहिल्या पावलामागें किती वर्षें उभीं आहेत तें आतां आपल्या ध्यानांत येईल.