आमवात आणि लक्ष्यवेधी औषधे

वसईच्या वाडीत पहाटे मोगरा खुडणाऱ्या बाईची बोटे तासभर वळेनाशी होतात, त्या दुखण्यास लोक संधिवात म्हणतात. आणि उतारवयात झिजलेला गुडघा दुखू लागला, तर त्यासही संधिवातच म्हणतात. वस्तुतः या दोन भिन्न व्याधी होत. दुसरीत कूर्चेची झीज प्रधान असते. पहिलीत शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटलेली असू शकते. या पहिल्या व्याधीस आमवात ही संज्ञा रूढ आहे. एकाच शब्दाखाली दोन्ही व्याधी गेल्यामुळे ‘वयोमानाने होणारच’ अशी समजूत होते व उपचारास विलंब लागतो. तेवढ्या अवधीत हाडांची हानी होते, आणि ती पुढे भरून येत नाही.

आमवातात काही टी-पेशी स्वकीय प्रथिनांना परकीय मानतात व बी-पेशींना चेतवितात. बी-पेशींपासून निपजणाऱ्या प्लाझ्मा पेशी त्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे निर्माण करतात. ही प्रतिपिंडे सांधे सुजण्यापूर्वी कित्येक वर्षे रक्तात आढळू शकतात.

या व्याधीवरील उपचारांचा एक धागा मुंबईशी जुळतो. ल्यूसी विल्स यांनी मुंबईतील गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा अभ्यास करून यीस्टच्या अर्काचा गुण १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातील गुणकारी घटक पुढे फॉलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. त्याच आम्लाच्या कार्यास विरोध करणारे मेथोट्रेक्सेट आजही आमवाताचे पायाभूत औषध आहे. परंतु त्याचा परिणाम शरीरात सर्वदूर होतो.

लक्ष्यवेधी औषधांची रीत निराळी. अमेरिकेत २००६ मध्ये आमवातासाठी मान्य झालेले रिटुक्सिमॅब बी-पेशींवरील ‘सीडी-२०’ या खुणेस चिकटते व त्या पेशी नष्ट होतात. मूळ पेशी व प्लाझ्मा पेशी यांवर ती खूण नसते. म्हणून काही महिन्यांनी बी-पेशी पुन्हा उपजतात, आणि प्रतिपिंडेही सर्वस्वी लोपत नाहीत. अबाटासेप्ट टी-पेशींना मारीत नाही. त्यांस चेतना देणारा दुसरा संकेत ते अडविते. टीएनएफ-विरोधी औषधे दाहाचा निरोप पोहोचविणारे प्रथिन निष्प्रभ करतात.

येथे ‘लक्ष्यवेधी’ या विशेषणाची मर्यादा ध्यानात येते. औषधाचे लक्ष्य अपराधी पेशी नसून तिच्यावरील खूण किंवा तिला मिळणारा संकेत हे असते. आणि तो निरपराध पेशींनाही समान असतो. केवळ आत्मविरोधी पेशी वेचून काढणारे औषध अद्याप प्रचारात आलेले नाही. क्षयजंतूंना कोंडून ठेवण्याच्या कामीही टीएनएफ आवश्यक असते. म्हणूनच ती औषधे देण्यापूर्वी सुप्त क्षयाची तपासणी करतात, आणि क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात ती टाळणे घातक ठरू शकते.

दुखणे शमले म्हणजे व्याधी गेली असे नव्हे. रुग्णाने आपल्या मनाने औषध सोडल्यास दडलेल्या पेशी पुन्हा कार्यरत होण्याचा संभव असतो. संज्ञा नेमकी असावी हा आग्रह केवळ कोशकारांपुरता नाही. बोटे वाकडी होण्याआधी त्या बाईने वैद्यकीय सल्ला घेणे न घेणे पुष्कळदा त्यावरच अवलंबून असते.