तळ्याकाठची वाट : बेंगळुरूतील सपाटीवरचे फेरफटके

पुण्याला मुठा आहे, नाशिकला गोदावरी आहे, सांगली-मिरजेला कृष्णा आहे. महाराष्ट्रातील बहुतेक जुनी शहरे नदीच्या आधाराने वाढली. बेंगळुरू मात्र याला अपवाद आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, पाणलोटाच्या माथ्यावरच हे शहर वसले असल्याने येथे बारमाही वाहणारी मोठी नदी नाही. येथे पडणारा पाऊस चहूबाजूंनी खाली उतरून जातो. पश्चिमेकडचे पाणी वृषभावती आणि अर्कावतीमार्गे कावेरीला मिळते, तर हेब्बाळ आणि कोरमंगल-चल्लघट्ट या दोन खोऱ्यांतील पाणी पूर्वेकडे दक्षिण पिनाकिनीकडे जाते. हे पाणी जाता जाता अडवावे, यासाठी पूर्वजांनी उतारावर बांध घालून तळी निर्माण केली. कन्नडमध्ये त्यांना 'केरे' म्हणतात.

याच तळ्यांचे काठ आज सहज चालता येण्याजोग्या वाटा म्हणून नागरिकांच्या उपयोगी पडत आहेत. चढ नाही, दगडधोंडे नाहीत, वाट चुकण्याची भीती नाही. ज्येष्ठ नागरिक, लहान मुले, तसेच डॉक्टरांनी रोज चालण्याचा सल्ला दिलेल्या व्यक्ती या सर्वांना असा फेरफटका झेपतो. तथापि, या वाटेने चालताना तळ्याची रचनाही समजून घेतली, तर व्यायामाबरोबरच या शहराच्या पाण्याची कथाही उलगडत जाते.

तळ्याची रचना

तळे म्हणजे नैसर्गिक खड्डा, असा सर्वसाधारण समज असतो. बेंगळुरूच्या बाबतीत तो खरा नाही. येथील जवळजवळ प्रत्येक तळे मानवनिर्मित आहे. उतारावर आडवा मातीचा बांध घातला की वरच्या बाजूस पाणी साठते. तीन बाजूंनी काठ हळूहळू वर चढत जातो आणि चौथ्या बाजूस बांध उभा असतो. फिरणाऱ्याने प्रथम हा बांध ओळखावा. ज्या बाजूस एका हाताला भरलेले पाणी आणि दुसऱ्या हाताला पाण्याच्या पातळीहूनही खाली असलेली जमीन दिसते, तोच बांध होय.

बांधावर दोन गोष्टी शोधाव्यात. पहिली 'तूबू', म्हणजे शेताला पाणी सोडण्याची मोरी, आणि दुसरी 'कोडी', म्हणजे सांडवा. तळे भरले की जादा पाणी कोडीवरून खालच्या तळ्याकडे निघते. एका तळ्याला दुसऱ्याशी जोडणाऱ्या ओढ्यांना 'राजकालुवे' असे नाव आहे. येलहंका तळ्याचे पाणी जक्कूरला आणि जक्कूरचे राचेनहळ्ळीला, अशी ही माळ खाली उतरत जाते. पाणी सोडण्याचे आणि वाटपाचे काम 'नीरगंटी' पाहत असे. आपल्याकडील पाटकऱ्याशी त्याचे काम मिळतेजुळते होते. भंडारा-गोंदिया भागातील, प्रामुख्याने कोहळी समाजाने बांधलेले माजी मालगुजारी तलाव ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना ही व्यवस्था परकी वाटणार नाही.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर तळे हे एक चालू खाते आहे. पावसाळ्यातील आवक ही जमा. बाष्पीभवन, पाझर आणि शेतीचा वापर ही नावे बाजू. मात्र पाझर हा संपूर्ण तोटा नव्हे; तो भूजलात जाऊन परिसरातील विहिरींच्या खात्यावर जमा होतो. गाळ साचला की खात्याची मर्यादा घटते. म्हणूनच पूर्वी उन्हाळ्यात तळ्यातील गाळ काढून शेतात टाकला जाई. तळ्याची साठवण वाढे आणि जमिनीला खतही मिळे.

इतिहासाचे काठ

पहिल्या केंपेगौडांनी १५३७ च्या सुमारास बेंगळुरूची पेठ वसविली, तेव्हा धर्मांबुधी आणि केंपांबुधी यांसारखी तळीही पाण्याची सोय म्हणून निर्माण झाली. पुढे १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने हे शहर जिंकले आणि ते शहाजीराजांना जहागीर म्हणून मिळाले. जवळपास अर्धे शतक येथे भोसले घराण्याचा अंमल होता. मल्लेश्वरम् येथील काडू मल्लेश्वर मंदिराला शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी तथा एकोजी यांनी दिलेल्या दानाचा १६६९ चा शिलालेख त्या काळाची साक्ष देतो.

या मंदिरापासून फार दूर नसलेला सँकी तलाव मराठी कुटुंबांना पहिल्या फेरफटक्यासाठी सोयीचा ठरावा. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर, १८८२ मध्ये लष्करी अभियंता रिचर्ड सँकी यांनी तो बांधला. सुमारे ३७ एकरांच्या या तलावाभोवती फरसबंद वाट आहे. सकाळी मंदिर आणि नंतर तलावाची एक फेरी, असा कार्यक्रम दोन तासांत आरामात होतो.

लालबागेचा तलावही असाच सुगम आहे. १७६० मध्ये हैदरअलीने आरंभिलेल्या आणि आज २४० एकरांवर पसरलेल्या या उद्यानात तलावाकाठी दाट सावली मिळते. येथील खडक तीन अब्ज वर्षांहून प्राचीन असून त्याला राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा आहे.

जक्कूर आणि कैकोंड्रहळ्ळी

शहराच्या उत्तरेस असलेले जक्कूर तळे सुमारे १६० एकरांचे आहे. येथे सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणारे पाणी थेट तळ्यात जात नाही. आधी ते पाणकणसांनी भरलेल्या पाणथळ पट्ट्यातून संथपणे वाहते. वनस्पतींची मुळे आणि तेथील सूक्ष्मजीव पाण्यातील नत्र आणि स्फुरद बऱ्याच प्रमाणात शोषून घेतात. त्यामुळे तळ्यात वर्षभर पाणी असते, कोळ्यांना मासे मिळतात आणि पक्ष्यांना निवारा मिळतो. पाणथळ जागा ही पडीक जमीन नसून पाणी गाळणारी चाळणी आहे, हे येथे काठावरून चालताना प्रत्यक्ष पाहता येते.

सर्जापूर रस्त्यालगतच्या कैकोंड्रहळ्ळी तळ्याची कथा वेगळी आहे. सांडपाणी आणि कचरा यांनी ग्रासलेल्या या तळ्याचे २०१० च्या सुमारास पुनरुज्जीवन झाले. महानगरपालिका, स्थानिक रहिवासी आणि अभ्यासक यांनी एकत्र येऊन हे काम केले. आज तेथे सुमारे दोन किलोमीटरची वाट आहे. पूर्वीपासून तळ्यावर अवलंबून असलेल्या लोकांचाही येथे विचार झाला, हे विशेष.

नोव्हेंबर ते मार्च या काळात या तळ्यांवर पक्ष्यांची गर्दी असते. टिबुकली, वारकरी, जांभळी पाणकोंबडी, हळदीकुंकू बदक, पाणकावळा आणि खंड्या हे सहज ओळखता येतात. थोडा धीर धरल्यास थव्याने पोहत मासे पकडणारा झोळीवाला, अर्थात पेलिकनही दिसतो.

बुजलेली तळी आणि त्यांची किंमत

जी तळी आज दिसत नाहीत, त्यांच्या जागीही बेंगळुरूकर रोज वावरतात. धर्मांबुधी तळ्याच्या जागी मॅजेस्टिकचे बसस्थानक आहे. संपंगी तळ्यावर कंठीरव क्रीडागार उभे राहिले. करग उत्सवाच्या विधींसाठी त्याचा लहानसा तुकडा तेवढा शिल्लक आहे. कोरमंगल तळ्याच्या जागी राष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी वसाहत झाली, तर चल्लघट्ट तळ्याचे गोल्फचे मैदान झाले. नळाने दुरून पाणी येऊ लागले, १९७४ पासून कावेरीचे पाणीही मिळू लागले आणि तळी निरुपयोगी ठरविली गेली.

जमिनीचा आणि पाण्याचा संबंध तोडल्यास काय होते, याचे एक उदाहरण इंग्लंडमध्ये आहे. पूर्व इंग्लंडमधील 'फेन्स' हा पाणथळ प्रदेश सतराव्या शतकापासून शेतीसाठी कोरडा करण्यात आला. पाणी गेल्यावर तेथील सेंद्रिय माती आक्रसली, कुजली आणि जमीनच खचू लागली. होम फेन येथे १८५१ च्या सुमारास जमिनीच्या पातळीपर्यंत पुरलेला लोखंडी खांब आज सुमारे चार मीटर वर आलेला दिसतो. खांब होता तेथेच आहे. खाली गेली ती जमीन.

बेंगळुरूची माती निराळी असल्याने येथे जमीन तशी खचत नाही, परंतु हिशेब चुकता होतोच. बेळंदूर तळ्यात वर्षानुवर्षे सांडपाणी साचल्याने साबणचुऱ्याचा फेस कोडीवरून रस्त्यावर उडू लागला, आणि २०१५, २०१७ व २०१८ मध्ये तेथे आगी लागल्या. सप्टेंबर २०२२ मधील अतिवृष्टीत आउटर रिंग रोड परिसरातील वसाहती पाण्याखाली गेल्या आणि रहिवाशांना ट्रॅक्टर व नावांतून बाहेर काढावे लागले. त्यानंतर २०२४ च्या उन्हाळ्यात अनेक कूपनलिका आटल्या. पूर आणि टंचाई ही परस्परविरोधी संकटे वाटली, तरी दोन्हींच्या मुळाशी एक समान कारण आहे. साठवणीच्या जागा आणि त्यांना जोडणारे कालवे अरुंद झाले, की पावसाळ्यात पाणी घरात शिरते आणि उन्हाळ्यात जमिनीखाली उरत नाही.

घर घेणाऱ्यांसाठी या माहितीचे व्यावहारिक मोलही मोठे आहे. सदनिका किंवा भूखंड पसंत करण्यापूर्वी महसूल खात्याच्या गावनकाशावर ती जागा तळ्याच्या पात्रात अथवा राजकालुव्यावर तर नाही ना, हे तज्ज्ञ वकिलाकडून अवश्य तपासून घ्यावे. कालव्यावरील अतिक्रमणे पाडण्याच्या मोहिमा शहरात वेळोवेळी झाल्या आहेत. शिवाय पाणी कागदपत्रे पाहून वाट बदलत नाही. परिसरातून एकदा पायी फिरून उताराची दिशा पाहिली, तर पुष्कळ गोष्टी ध्यानात येतात.

फेरफटक्यापूर्वी

बहुतेक तळ्यांची प्रवेशद्वारे सकाळी व सायंकाळी ठरावीक वेळीच उघडी असतात. ती वेळ आधी विचारून घ्यावी. सप्टेंबर-ऑक्टोबर हे येथील भर पावसाचे दिवस असल्याने मातीच्या बांधावरून जपून चालावे. पाण्याची बाटली परत न्यावी. पक्ष्यांना पाव अथवा फरसाण घालू नये. त्यामुळे पाणी बिघडते आणि पक्ष्यांनाही ते अपायकारक असते. शक्य तर वर्षभर एकाच तळ्यावर जावे. मे महिन्यात पाणी कोठवर होते, कोडी कधी वाहू लागली, जलपर्णी कोणत्या बाजूने वाढली याच्या नोंदी ठेवणारा नागरिक त्या तळ्याचा खरा लेखापरीक्षक ठरतो. बेंगळुरूत जी तळी आज जिवंत आहेत, त्यांपैकी अनेकांच्या रक्षणाची सुरुवात काठावरून नित्य फिरणाऱ्या अशाच माणसांनी केली आहे.