भिंतीवरचा लाल ठिपका

22 ऑगस्ट 2018. इंडोनेशियातल्या पालेम्बांगला आशियाई स्पर्धेतील महिलांच्या 25 मीटर पिस्तुलाची अंतिम फेरी रंगली होती. कोल्हापूरची राही सरनोबत आणि थायलंडची नफास्वान यांगपायबून, दोघींचे 34 गुण. जादा पाच गोळ्यांतही 4-4 बरोबरी. पुन्हा पाच, आणि राही 3-2 अशी जिंकली. या स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला.

या प्रकाराच्या जलद फेरीत हात खाली धरून उभं राहायचं. हिरवा दिवा लागला की 3 सेकंदांत हात उचलून एकच गोळी झाडायची. गोळी सुटते ती अगदी शेवटी. त्याआधीची पावलांची ठेवण, श्वास, हात उचलणं, चापावरचं बोट, हे सारं घरच्या खोलीतही घोटता येतं. 2020 च्या टाळेबंदीत रेंज बंद पडल्या, तेव्हा खेळाडूंनी घरीच सराव केला. त्या एप्रिलमध्ये माजी नेमबाज शिमोन शरीफ यांनी घरबसल्या ऑनलाइन स्पर्धाही भरवली.

घरच्या सरावाला आता लेसरची जोड मिळाली आहे. पिस्तुलाच्या नळीत किंवा नळीवर छोटं उपकरण बसवतात. चाप दाबला की क्षणभर लाल ठिपका चमकतो. छर्रा नाही, आवाज नाही. 10 मीटरच्या लक्ष्यातला काळा गोल 59.5 मिलिमीटरचा असतो. खोलीत 5 मीटरच जागा असेल, तर सुमारे 3 सेंटिमीटरचा गोल चिकटवावा.

हा खेळ किती नाजूक आहे पाहा! पुढच्या-मागच्या साइटमध्ये 32 सेंटिमीटर अंतर असेल आणि पुढची साइट एक मिलिमीटर सरकली, तर 10 मीटरवर नेम सुमारे 3 सेंटिमीटर चुकतो. दहाच्या जागी सात गुण!

लेसरचा एक तोटाही आहे. नवशिक्याची नजर साइट सोडून भिंतीवरच्या ठिपक्याकडे धावते. ही खोड लागली की रेंजवर गुण घसरतात. म्हणून अधूनमधून लेसर बंद करून कोऱ्या भिंतीसमोर सराव करावा. हाताला बसणारा झटका लेसर शिकवत नाही. त्यासाठी रेंजच हवी. 0.22 च्या पिस्तुलाचा चाप रिकाम्या नळीवर दाबण्यापूर्वी प्रशिक्षकाला विचारावं. काही पिस्तुलांचं त्याने नुकसान होतं.

घरात मुलं असतील तर मात्र तडजोड नको. सराव मोठ्यांच्या देखरेखीखालीच व्हावा. पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करावी. त्या खोलीत एकही काडतूस किंवा छर्रा नसावा. भिंत पक्की असावी, समोर दार किंवा आरसा नको, कारण लेसर डोळ्यांत जाऊ नये. सराव संपताच पिस्तूल कुलपात आणि काडतुसं दुसऱ्या कपाटात. दोन्ही किल्ल्या मोठ्यांकडेच.