हळदीचा कागद आणि संगणकाचा पडदा

बीजगणिताच्या तासाला एखाद्या मुलाने क्ष = क्ष + १ असे लिहिले, तर आपण त्यावर लाल रेघ मारतो. कोणतीही संख्या स्वतःपेक्षा एकाने मोठी असू शकत नाही. त्याच मुलाला संगणकाच्या तासाला मात्र हेच वाक्य बिनचूक म्हणून शिकवले जाते! तिथे त्याचा अर्थ असतो, ‘क्ष नावाच्या डब्यातली संख्या काढा, तीत एक मिळवा आणि परत त्याच डब्यात ठेवा’. बरोबरचे चिन्ह एका तासाला विधान करते, दुसऱ्या तासाला हुकूम सोडते. हा फरक वरवरचा वाटला तरी वेबपानावर दिसणारा आकडा ताजा आहे की शिळा, हे पुष्कळदा त्यावरच अवलंबून असते.

आधी एक सोपा प्रयोग करू. हळदीच्या पाण्यात टीपकागदाची पट्टी भिजवून वाळवा. तिच्यावर चुन्याच्या निवळीचे थेंब टाका. पट्टी लाल होते. लिंबाचा रस टाका, पुन्हा पिवळी. परत निवळी भरपूर टाका; परत लाल. सोलापूर जिल्ह्यातले, करमाळा तालुक्यातले केम हे गाव कुंकवासाठी प्रसिद्ध आहे. हळदीपासून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणधर्मावर आधारलेली आहे. (बाजारातल्या सगळ्याच कुंकवात आज हळद असते असे मात्र नाही.)

आता मुलांना विचारा : पट्टीचा रंग सांगायला काय माहीत असावे लागते? आधी किती वेळा लिंबू पिळले, हा इतिहास लागत नाही. या क्षणी पट्टीवरचा द्रव आम्ल आहे की आम्लारी, एवढे पुरते. तीच स्थिती, तोच रंग. गणितात अशा संबंधाला फलन म्हणतात : तेच आदान दिले की तेच उत्तर, कधीही आणि कितीही वेळा. ज्या भाषेत सगळा कार्यक्रम अशा फलनांनी बांधतात, तिला फलनी भाषा म्हणतात. तिच्यात क्ष ला एकदा दिलेली किंमत बदलत नाही; क्ष = क्ष + १ तिथेही चूकच ठरते.

समजा, केमच्या एका कुंकू कारखानदाराने मागणी नोंदवण्यासाठी वेबपान केले आहे. हिशेब सोपा जावा म्हणून दर किलोला १०० रुपये धरू. वाहतूक खर्च १० किलोंपर्यंत ५० रुपये, त्यापुढे ९०. ग्राहकाने १२ किलो मागितले, की पानावर रक्कम १,२००, वाहतूक ९० आणि एकूण बिल १,२९० दिसते. आता त्याने मागणी ८ किलोंवर आणली.

जुन्या पद्धतीत ‘कमी करा’ या बटणासाठी हुकूम लिहावे लागतात : रक्कम पुसून नवी लिहा, वाहतूक पुसून नवी लिहा, बिल पुसून नवे लिहा. यातला मधला हुकूम राहून गेला, तर वाहतूक ९० च राहते आणि बिल ८५० ऐवजी ८९० होते. ग्राहकाचे ४० रुपये जास्त गेले, आणि पडद्यावर चूक म्हणून काहीच दिसत नाही! शिवाय ‘वाढवा’, ‘दुप्पट करा’, ‘रद्द करा’ अशा प्रत्येक बटणासाठी हेच सगळे हुकूम पुन्हा लिहायचे. ५ बटणे आणि पानावर बदलणाऱ्या ६ जागा असतील, तर जास्तीत जास्त ५ × ६ = ३० दुवे सांभाळावे लागतात. त्यातला एक तुटला तरी पान खोटे बोलते.

फलनी पद्धतीत कामाची वाटणी वेगळी असते. पहिली ‘स्थिती’ : इथे फक्त किलोंचा आकडा. दुसरे ‘बदल’ हे फलन : जुनी स्थिती आणि दाबलेले बटण यांवरून नवी स्थिती काढणारे. तिसरे ‘दर्शन’ हे फलन : स्थितीवरून सगळे पान सांगणारे. दर्शनाचा गाभा असा :

रक्कम (किलो) = किलो × १००
वाहतूक (किलो) = ५०, किलो १० किंवा कमी असल्यास; नाहीतर ९०
बिल (किलो) = रक्कम (किलो) + वाहतूक (किलो)

ही विधाने आहेत, हुकूम नव्हेत. ८ किलोंसाठी बिल ८५० च येणार, मग ग्राहक १२ वरून ८ वर आलेला असो की २ वरून. हळदीच्या पट्टीसारखेच पानही इतिहास न विचारता स्थितीला प्रतिसाद देते. म्हणून याला प्रतिसादी पान म्हणायचे. लिहायचे नियम आता ५ बटणांचे ५ आणि ६ जागांचे ६, म्हणजे ११.

गुण मांडण्यासाठी संगणकावरचा कोष्टक-तक्ता वापरणाऱ्या शिक्षकांना हे ओळखीचे वाटेल. एका विषयाचे गुण बदलले, की बेरीज आणि टक्केवारी आपोआप बदलते. असा तक्ता १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांच्या ‘व्हिजिकॅल्क’ने घराघरांतल्या संगणकांवर आणला. फलनी विचार त्याहून जुना आहे. अलोंझो चर्च यांचे लॅम्डा कलन १९३० नंतरच्या दशकातले. ‘हास्केल’ ही भाषा १९९० मध्ये जाहीर झाली. कोनल एलियट आणि पॉल ह्यूडाक यांनी १९९७ मध्ये काळानुसार बदलणारी चित्रे फलनांनी कशी मांडावीत हे दाखवले. इव्हान चॅप्लिकी यांनी २०१२ मध्ये हार्वर्डमधल्या आपल्या प्रबंधात वेबपानांसाठी ‘एल्म’ ही फलनी भाषा मांडली. स्थिती, बदल, दर्शन ही त्रयी तिच्यातून रूढ झाली आणि पुढे जावास्क्रिप्ट वापरणाऱ्यांनीही ती उचलली. आपल्याकडेही हे बीज लवकर पडले होते : पुणे विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागात १९९० नंतरच्या दशकात रुस्तम मोदी यांनी ‘गोफर’ या फलनी भाषेतून प्रोग्रामिंग शिकवले.

इथे दोन शंका येतात. एक : किलोचा आकडा बदलला की सगळे पान नव्याने काढायचे, तर वेळ लागणार नाही का? त्यासाठी दर्शन पान काढत नाही. पानाचा केवळ आराखडा देते. यंत्रणा जुना आणि नवा आराखडा ताडून पाहते आणि जिथे फरक आहे तेवढेच पुसते. वेळापत्रक बदलले तर आपणही सगळा फळा पुसत नाही, बदललेले तेवढे चौकोन पुसतो.

दुसरी : फलन बाहेरच्या जगाला हात लावत नसेल, तर मागणी कारखान्यापर्यंत पोचणार कशी? ‘बदल’ हे फलन नव्या स्थितीबरोबर एक चिठ्ठी देते : ‘एवढा मजकूर पाठवा’. पाठवण्याचे काम यंत्रणा करते आणि आलेले उत्तर पुन्हा एक निरोप म्हणून ‘बदल’कडे येते. चिठ्ठी लिहिणारा वेगळा आणि टपाल नेणारा वेगळा असल्यामुळे हिशेबाची तपासणी इंटरनेटशिवायही करता येते.

ही पद्धत सगळे दोष घालवत नाही. वाहतुकीचे सूत्रच चुकीचे लिहिले, तर ते सगळीकडे सारखेच चुकेल. पण ते एकाच जागी सापडेल आणि एकाच जागी दुरुस्त होईल. अगदी छोट्या पानाला मात्र एवढी मांडणी जड वाटू शकते.

संगणक नसलेल्या शाळेतही हे शिकवता येते. तीन मुले निवडा. ‘स्थिती’च्या पाटीवर एकच आकडा. वर्ग ‘वाढवा’, ‘दुप्पट करा’ असे ओरडेल, तसा ‘बदल’ नवी पाटी लिहून देईल. ‘दर्शन’ने डोळे मिटून राहायचे, हाक आल्यावर फक्त पाटी पाहायची आणि बिल फळ्यावर लिहायचे. मग ‘दर्शन’च्या जागी दुसरे मूल आणा. आधी काय झाले ते त्याला ठाऊक नसले तरी त्याचे बिल तेच येते ना, हे वर्गाकडून तपासून घ्या.