तृणसदृश : एका शब्दाचा अर्थ आणि उपयोग

गवत ओळखता येत नाही असे म्हणणारा मनुष्य आपल्या बीड जिल्ह्यात मिळायचा नाही. तरीही एका बाबतीत आपण सारेच फसतो, आणि त्याचा भुर्दंड बहुधा खुरपणाऱ्या बाईला पडतो.

वनस्पतिशास्त्रात ‘ग्रॅमिनॉईड’ असा शब्द आहे. लॅटिनमध्ये ‘ग्रामेन’ म्हणजे गवत. पुढचे शेपूट ग्रीकातले, त्याचा अर्थ ‘सारखा’. आपण ‘तृणसदृश’ म्हणू. खरी गवते, लव्हाळ्याचे कूळ आणि पाणथळ जागेतले जुंकसचे लहानसे कूळ, अशी तिन्ही त्यात येतात. हा शब्द नाते सांगत नाही, रूप तेवढे सांगतो. कुरणाची पाहणी करणाऱ्याला फुलोऱ्यावाचून जात ठरविता आली नाही, तर तो वहीत ‘तृणसदृश’ लिहून पुढे जातो. जेवढे दिसले तेवढेच बोलणारा हा शब्द मला प्रामाणिक वाटतो.

हरळी, कुसळी, ज्वारी, बाजरी, बांबू ही खरी गवते. ज्याच्या तोडणीसाठी आपल्याकडची लाखो माणसे दरसाल कोयता घेऊन घाट उतरतात, तो ऊससुद्धा गवतच. तुकोबांनी गौरविलेला लव्हाळा मात्र गवत नव्हे. त्याच्या फुलोऱ्याचा दांडा बोटांत फिरवा : तीन धारा लागतील आणि पेर सापडणार नाही. पाने तीन बाजूंना निघतात, गवताची दोनच बाजूंना. गवताची कांडी पोकळ असते असेही पुस्तकात लिहितात. ऊस खाल्लेल्याने त्यावर फारसा विश्वास ठेवू नये!

काही वर्षांपूर्वी माजलगावकडे कालव्याखालच्या एका उसात पाच बायांनी गुत्त्याने खुरपण केले. आठव्या दिवशी रान पुन्हा हिरवे. मालक म्हणाले, “कॉम्रेड, डोळ्यांनी बघा. वरवर खुरपलंय. राहिलेले पैसे मिळणार नाहीत.” मी एका बाईचे खुरपे मागून घेतले, एक रोप खोल उकरले आणि बांधावर ठेवले. “पाटील, हे गवत नाही. खाली बघा.” मुळाशी काळ्या गाठींची माळ होती. ही माळ अखंड असते तोवर तिच्यातल्या पुष्कळ गाठी निजून राहतात. ती तुटली की एकेक गाठ कोंब धरते. म्हणजे बायांनी मन लावून खुरपले, म्हणूनच तो इतक्या दाटीने उगवला होता. मालक बराच वेळ ती माळ हातात फिरवीत राहिले. बाजारच्या दिवशी पैसे दिले. एका बाईचे पन्नास रुपये मात्र कमीच आले, ते आजवर आलेले नाहीत.

आता फवारणीविषयी. निव्वळ गवत मारणारी औषधे लव्हाळ्याला लागत नाहीत. उसाला मात्र जाळू शकतात, कारण ऊस गवताच्याच कुळातला. उसातल्या लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉन मिथाईल हे निराळे औषध मिळते. तेव्हा दुकानात जाऊन नुसते ‘गवताचं औषध द्या’ म्हणू नये. रोप गाठीसकट उपटून सोबत न्यावे.