नजर रस्त्यावर, हात बटणावर

2019 मध्ये जर्मनीत भर पावसात टेस्ला चालवणाऱ्या एकाला वायपरचा वेग बदलायचा होता. त्यासाठी मधल्या स्क्रीनवर जाऊन मेनूतून पर्याय निवडावा लागे. तेवढ्यात गाडी रस्ता सोडून खाली उतरली आणि झाडांवर जाऊन आदळली. न्यायालयाने चालकाला 200 युरो दंड केला, शिवाय महिनाभर गाडी चालवायला बंदी घातली. प्रकरण अपिलात गेलं, पण 2020 मध्ये कार्ल्सरुहेच्या वरिष्ठ न्यायालयाने शिक्षा कायम ठेवली. गाडीत बसवलेला टचस्क्रीनही इलेक्ट्रॉनिक उपकरणच आहे, चालत्या गाडीत त्यावर ओझरती नजर टाकण्यापलीकडे मुभा नाही, मग काम वायपरचं का असेना, असा त्या निकालाचा आशय होता.

चालकाला शिक्षा झाली, ते कायद्याला धरूनच झालं. पण पावसात लागणारी गोष्ट मेनूच्या आत नेऊन ठेवणाऱ्याचं काय? गेल्या दहा-बारा वर्षांत गाड्यांचे डॅशबोर्ड ज्या दिशेने गेले, त्याबद्दल हाच प्रश्न आता जगभरचे सुरक्षा-तज्ज्ञ विचारताहेत.

गाडीत टचस्क्रीन बसवण्याची कल्पना तशी जुनी. अमेरिकेत ब्यूइक कंपनीने 1986 च्या रिव्हिएरा गाडीत जुन्या टीव्हीसारखा काचेचा पडदा बसवला होता. रेडिओ, एसी सगळं त्यावरून चालायचं. लोकांना ते रुचलं नाही आणि काही वर्षांत कंपनीने ते काढून टाकलं. खरी लाट आली ती 2012 मध्ये, टेस्लाच्या मॉडेल एसमधल्या 17 इंची पडद्याने. गाडी आधुनिक आहे हे ग्राहकाला दाखवायचा तो सर्वात सोपा मार्ग ठरला. आज चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या एक्सईव्ही 9ई मध्ये 12.3 इंचांचे तीन पडदे ओळीने आहेत. चाकणलाच जुळणी होणाऱ्या मर्सिडीज ईक्यूएसमध्ये तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 56 इंची अखंड काच आहे.

दिखाव्याइतकंच महत्त्वाचं कारण हिशेबाचं. एका बटणासाठी साचा बनवावा लागतो, आत स्विच, मागे दिवा, वायरिंग, आणि हजारो वेळा दाबून घेतलेली चाचणी. अशी तीस-चाळीस बटणं काढून टाकली की खर्च वाचतो आणि डिझाइन शेवटच्या महिन्यापर्यंत बदलता येतं. त्यातच अमेरिकेने मे 2018 पासून नव्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा केला. कॅमेरा आला म्हणजे पडदा आलाच, आणि पडदा आहेच तर एसीही त्यावरच टाका, असं होत गेलं.

यात हातचं काय गेलं, ते कळायला एसीची गोल नॉब जरा बारकाईने पाहावी. ती फिरवताना बोटांना ठरावीक अंतराने हलके खटके लागतात. किती घट्ट लागावेत, आवाज किती यावा, हे इंजिनिअर मोजूनमापून ठरवतात. तीन खटके डावीकडे म्हणजे तापमान किती उतरलं, ते न पाहता समजतं. कडेला असलेल्या रेघेवरून किंवा खाचेवरून नॉब कुठे वळली आहे तेही कळतं. टचस्क्रीनला यातलं काहीच देता येत नाही. बोट टेकताच काचेखालच्या विद्युत क्षेत्रात होणारा फरक तो ओळखतो, पण बोटाला मात्र सगळीकडे सारखीच गुळगुळीत काच लागते. योग्य जागी बोट पडलं का, हे डोळ्यांनीच तपासावं लागतं. खड्ड्यात गाडी उडाली तर बोट भलत्याच चौकोनावर पडतं.

स्वीडनमधल्या ‘वी बिलेगारे’ या मासिकाने 2022 मध्ये याची परीक्षाच घेतली. धावपट्टीवर ताशी 110 किलोमीटर वेगाने गाडी चालवताना एसी, रेडिओ, दिवे वगैरेंशी संबंधित चार कामं करायची. अकरा नव्या गाड्या होत्या आणि त्यांच्यासोबत 2005 ची, बटणांची जुनी व्होल्वो व्ही70. जुन्या व्होल्वोत सगळं 10 सेकंदांत उरकलं, तोवर गाडी 306 मीटर पुढे गेली होती. सर्वात मागे राहिलेल्या एमजी मार्व्हल आरला 1,372 मीटर लागले. म्हणजे सव्वा किलोमीटरहून जास्त.

आपल्याकडे 110 चा वेग फार थोड्या रस्त्यांवर मिळतो, म्हणून हा प्रश्न आपला नाही असं नाही. जुलैत खंडाळ्याचा घाट चढताना पुढची काच आतून धुरकट होते, समोर ट्रकचे लाल दिवे तेवढे पुसट दिसतात. अशा वेळी डीफॉगर लगेच लागतो. तो पडद्यावर शोधायला नजर खाली गेली, तर ताशी 60 च्या वेगाने दोन सेकंदांत गाडी 33 मीटर जाते. आणि आपल्या रस्त्यावर त्या 33 मीटरांत उलट दिशेने येणारी मोटरसायकल असू शकते, गुरं असू शकतात, रात्रीत पडलेला खड्डाही असू शकतो.

होंडाने हे बऱ्यापैकी लवकर ओळखलं. 2014 च्या होंडा सिटीत एसीसाठी काळं, चकचकीत टच-पॅनेल होतं. 2020 च्या सिटीत गोल नॉब परत आल्या. फोक्सवॅगननेही युरोपात गोल्फ आणि आयडी.3 मधल्या स्पर्शाच्या पट्ट्यांवर इतकी टीका सोसली की पुढच्या गाड्यांत बटणं आणण्याचं जाहीर केलं. 2026 पासून युरो एनकॅप या सुरक्षा-मानांकन संस्थेने निकषच बदलले आहेत. इंडिकेटर, हझार्ड लाइट, वायपर, हॉर्न आणि आपत्कालीन मदतीचं बटण हाताला लागेल असं नसेल, तर पाच तारे मिळवणं अवघड होणार आहे.

मात्र सगळेच मागे फिरलेत असं समजू नये. 2019 मध्ये माझ्दाने उलट टोक गाठलं होतं. स्क्रीनकडे हात लांबवताना चालकाच्या नकळत स्टिअरिंगही थोडं वळतं, असं त्यांच्या अभ्यासात दिसलं, म्हणून माझ्दा 3 मधून स्पर्शाची सोयच काढून टाकली. त्याच कंपनीच्या 2025 मध्ये आलेल्या नव्या सीएक्स-5 मध्ये मोठा टचस्क्रीन आहे आणि बरीचशी बटणं गेली आहेत. बाजाराचा रेटा किती असतो, ते यावरून दिसतं.

मला पडदा नकोसा नाही. नकाशा आणि मागचा कॅमेरा यांना तो हवाच. पण चालत्या गाडीत लागणाऱ्या गोष्टी त्याच्या आत जाऊ नयेत. आपल्या मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनंतर हातातल्या मोबाइलचा वापर हे धोकादायक वाहनचालन ठरतं. डॅशबोर्डवरचा पडदा हातात धरलेला नसतो, त्यामुळे त्याचा विचार या तरतुदीत नाही. तो व्हायला हवा.

तोवर ग्राहकाने शोरूममध्येच पाहून घ्यावं. टेस्ट ड्राइव्हला निघण्याआधी, गाडी उभी असतानाच नजर समोर ठेवून एसी दोन अंशांनी कमी करा, पुढच्या काचेचा डीफॉगर लावा, वायपरचा वेग वाढवा, रेडिओचा आवाज बंद करा, हझार्ड लाइट लावा. एखाद्या कामासाठी मान खाली घालावी लागली, तर ते लिहून ठेवा आणि त्याच गाडीचं खालचं मॉडेलही दाखवायला सांगा. कमी किमतीच्या मॉडेलमध्ये पुष्कळदा साध्या नॉब अजून असतात.